खाच

नव्या पेठेत, जिन्याखालच्या खोलीत
मी प्लॅस्टरचे जबडे ओततो.
तोंडं डॉक्टर हत्तुरे बघतात, मला फक्त ठसे येतात,
ओल्या कापसात गुंडाळलेले, गुलाबी,
सोबत चिठ्ठी : नाव, वय, दाताचा रंग.
एप्रिलात घाई करावी लागते.
ठसा सुकला की आक्रसतो,
आणि मग माणूस असतो त्याहून लहान निघतो.

त्या दिवशी एकाच डब्यात दोन आले.
गुंडेटी नागमणी. गुंडेटी रत्नमणी.
वय तेरा. वय तेरा.
मला वाटलं, कंपाउंडरनं एकच पोरगी दोनदा लिहिली.

रात्री कॅलिपर लावला.
दाढेपासून दाढेपर्यंत तेच माप,
टाळूची कमान तीच, सुळ्यांचा तिरकेपणा तोच.
डॉक्टरांनी एक्स-रे एकावर एक ठेवून
खिडकीपाशी धरले :
नाकाचं हाड नाकाच्या हाडावर,
जबड्याचा कोन कोनावर,
मधून सोलापूरचं पांढरं ऊन येत होतं
आणि एकच मुलगी दिसत होती.
"जकार्डचा पुठ्ठा," ते म्हणाले, "एकदा भोकं पाडली
की नक्षी ठरलेली."
मी मान हलवली.
माझा बाप मिलमध्ये जॉबर होता. एका पुठ्ठ्याच्या दोन चादरी
तो अंधारात हात फिरवून वेगळ्या सांगायचा.

एक गंमत होती.
नागमणीचा वरचा, पुढच्या दाताशेजारचा दात
डावीकडे उगवलाच नव्हता. रत्नमणीचा उजवीकडे.
समोरासमोर ठेवल्या तर
मध्ये आरसा असल्यासारख्या.
हाडात लिहिलेलं असतं, पण
लिहिणाऱ्यानं हात बदलला असावा.

आणि नागमणीच्या पुढच्या दाताला
टोकाशी बारीक खाच. आधी बुडबुडा समजलो,
पुन्हा ओतलं. पुन्हा तीच खाच.
रत्नमणीला नाही.

महिन्याभरानं त्यांच्या आईचा ठसा आला.
राजमणी, वय एकेचाळीस. पुढचा एक हलतोय, काढायचा, नवा बसवायचा.
त्याच दातावर, त्याच जागी, खाच. जास्त खोल.
मी जिना चढून पळत गेलो वर,
"डॉक्टर, रक्तातनं आलंय बघा!"

खुर्चीत बाई होती, तोंड उघडं.
तिनं कापूस काढला बाहेर.
"रक्त कुठलं," म्हणाली, "सुताचं आहे ते.
टॉवेलचे काठ शिवतो की आम्ही.
कात्री कोण उचलतंय सारखी."

मग कळलं ते एवढंच :
शाळा लांब, सायकल एक.
रत्नमणी आधी टेकली पायडलवर.
नागमणी आईशेजारी बसली, डझनाला किती ते मोजत.

बाईचा दात मी मन लावून केला.
रंग जुळवला, धार अख्खी, गुळगुळीत,
लग्नात होता असेल तसा.
आठ दिवसांत परत आली.
"सूत तुटंना झालंय यात."

त्याच दिवशी टेबलावर दोन चिठ्ठ्या.
डॉक्टरांच्या अक्षरात :
नागमणी, खाच भरल्यावर कसं दिसेल, मेणात दाखव.
राजमणी, खाच करून दे.

आधी पोरीचं केलं.
मेण वितळवलं, थेंब सोडला, निवल्यावर तासला.
दोन्ही बहिणी शेजारी ठेवल्या.
आता परत एकच झाल्या,
डावं-उजवं रिकामं सोडलं तर.
मेणच ते. बोट लावलं तर उन्हात सरकतं.

मग आईचा दात पकडीत धरला, कानस घेतली.
बाई स्टुलावर बसून बघत होती,
"अजून थोडं. नाही, आतल्या अंगाला."
तिला माप माहीत होतं. मला नव्हतं.

बसवून दिल्यावर तिनं पदराच्या गाठीतून
निळं सूत काढलं, ओढलं, चावलं.
टक.
तुटलेलं टोक जिभेवरून काढून
माझ्या टेबलाच्या कडेला पुसलं
आणि पैसे किती ते विचारलं.

टोक अजून तिथंच आहे.
झाडताना मी तेवढी कड सोडतो.